पावसाळ्यात खताची बादली का बिघडते? आधी सुका पाला मोजा

मापटं (घोडबंदर रोड, ठाणे)

जून लागला की बाल्कनीतल्या खतबादल्या एकेक करून बंद पडू लागतात. "वास येतो" एवढंच कारण सांगितलं जातं. पण वास हा परिणाम आहे. चूक त्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्येच झालेली असते. ओला कचरा किती निघतो हे घरात सगळ्यांना माहीत असतं, त्यात मिसळायला सुका माल (वाळलेला पाला, पुठ्ठा, भुसा) किती लागेल याचा हिशोब मात्र कोणी करत नाही. तो हिशोब नीट मांडता यावा म्हणून हा धागा.

भाजीची देठं, फळांची सालं यांत बहुतांश वजन पाण्याचंच असतं. एप्रिलमध्ये त्यातलं बरंच पाणी आपोआप उडून जातं आणि आपल्याला वाटतं, बादली छान चालली आहे. जुलैत आपल्याकडची हवाच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे ते उडत नाही. खाली उतरतं आणि तळच्या थरातल्या हवेच्या पोकळ्या भरून टाकतं. हवेवर जगणारे जिवाणू तिथे गुदमरतात, हवेशिवाय जगणारे फोफावतात, आणि बादलीला गटारासारखा वास येतो. कचराभूमीवर हेच मोठ्या प्रमाणावर होतं. ढिगाच्या पोटात हवा नसल्याने मिथेन तयार होतो, खालून काळं पाणी झिरपतं. म्हणून घरात कचरा जिरवायचा तर तो हवेतच जिरायला हवा, नाहीतर तुर्भ्याच्या कचराभूमीवर जे घडतं तेच आपण बाल्कनीत घडवतो.

चार माणसांच्या घराचा हिशोब असा धरा. रोज साधारण पाऊण किलो ओला कचरा, म्हणजे चिरून दीड लिटरच्या आसपास. उन्हाळ्यात त्याला निम्मा, म्हणजे पाऊण लिटर सुका माल पुरतो. जून ते सप्टेंबर मात्र मापाला माप: दीड लिटर ओला, दीड लिटर सुका. १२० दिवसांचे झाले १८० लिटर. चुरलेला पाला धरला तर ५० किलो धान्याची दोन-तीन पोती. एवढा साठा मे अखेर घरात किंवा सोसायटीच्या गच्चीखाली कोरडा नसेल, तर जुलैत बादली बिघडणार हे नक्की.

बादलीची मांडणी:

रंगाची २० लिटरची रिकामी बादली, झाकणासकट. आत सुकलेला रंग राहिला असेल तर तो आधी पूर्ण खरवडून काढा. बाजूला चार-चार इंचांवर ५-६ मिलिमीटरची भोकं, तळाला आठ-दहा. भोकं ड्रिलनेच पाडा. तापवलेल्या खिळ्याने प्लास्टिक जळतं, धूर नाकात जातो आणि भोकाची कड वितळून पुन्हा अर्धी मिटते. बादली दोन विटांवर, खाली ताट. तळाला दोन इंच नारळाची किशी, म्हणजे शेंडी मोकळी करून. हा थर टाळू नका, तळची भोकं बुजत नाहीत ती याच्यामुळेच.

त्यावर रोजचा कचरा एक-दीड इंचाचे तुकडे करून. कोथिंबिरीची जुडी तशीच टाकली की तिची ओली गुंडाळी होते आणि आतून सडते. वर सुका माल, आणि शेवटचा थर नेहमी सुक्याचाच, खालचं काहीही दिसता कामा नये. दर तिसऱ्या दिवशी खुरप्याने खालवर करा.

एक बादली साधारण तीन आठवड्यांत भरते, कारण माल रोज खाली बसत जातो. भरली की तिला सहा आठवडे पिकायला द्यायचे. म्हणून बादल्या तीन लागतात: तिसरी भरेपर्यंत पहिली तयार. पावसाळ्यात चौथी असली तर उत्तम. एकाच बादलीत वरून टाकत राहायचं आणि खालून खत काढायचं, हे कागदावर बरं दिसतं. प्रत्यक्षात अर्धंकच्चंच हाताला लागतं.

ओलावा तपासायला मूठ पुरते. मूठभर माल घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एखादा थेंब दिसला तर बरोबर. धार लागली तर सुका माल वाढवा. उघडल्यावर मूठ भुसभुशीत सुटली तर पाणी शिंपडा.

---

पानगळ (सीवूड्स, नवी मुंबई)

पाल्याबद्दल थोडी भर. सगळा पाला सारखा नसतो, आणि आपल्याकडे रस्त्याकडेला कोणती झाडं आहेत त्यावर बरंच काही ठरतं.

पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहर यांची पानं बारीक. चुरावी लागत नाहीत, लवकर कुजतात. खतासाठी पहिली पसंती यांनाच. देशी बदामाची मोठी पानं हिवाळा सरताना लाल होऊन गळतात. सुकल्यावर हाताने सहज चुरा होतो, पण ओली राहिली तर एकावर एक चिकटून थाळ्यांसारखी बसतात आणि हवा अडवतात. आंब्याचं आणि फणसाचं पान चिवट असतं, पोत्यात भरून पायाने तुडवल्याशिवाय घेऊ नये. नारळाच्या झावळ्या बादलीसाठी नाहीतच.

गोळा करायचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल. सोसायटीचे सफाई कामगार सकाळी झाडून ढीग लावतात तेव्हाच पोतं पुढे करा. त्यांचं वाहून नेण्याचं काम वाचतं आणि पाला जाळलाही जात नाही. पाला जाळायला बंदी आहे, तरी कोपऱ्याकोपऱ्यावर धूर दिसतो आणि तो खालच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या छातीत जातो. पोतं भरण्याआधी दोन दिवस ऊन द्या. पोतं तागाचं हवं. प्लास्टिकच्या पिशवीत उरलेला ओलावा कोंडतो आणि पाला काळा पडतो.

दोन जागांवरून पाला अजिबात आणू नका. एक येऊर. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथला पाला तिथल्या मातीचा. दुसरी खाडीकाठची खारफुटी. ती संरक्षित आहे, आणि तिच्या पानांतलं मीठ कुंड्यांनाही चालत नाही.

---

नवी_कुंडी (कळवा)

मापटं, फार उपयोगी. पण आता जून उजाडलाय आणि पाला साठवलेलाच नाही. या वर्षापुरतं काय करता येईल? आणि वास वेगवेगळे येतात, कधी नाकाला झोंबणारा, कधी आंबूस. त्यांचे अर्थ वेगळे का?

---

मापटं

हो, वेगळेच. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास अमोनियाचा. म्हणजे नत्र जास्त आहे: पालेभाजी, डाळी-कडधान्यं, चहाचा चोथा खूप आणि सुकं कमी. सुका माल मिसळा, एक-दोन दिवसांत जातो. सडक्या अंड्यासारखा किंवा आंबूस वास म्हणजे हवा नाही. त्यावर वरून काही भुरभुरून उपयोग नाही, दोष तळाशी असतो. सगळा माल जुन्या चादरीवर किंवा घमेल्यात उपसून काढा, तळची भोकं काडीने मोकळी करा, किशीचा थर बदला, निम्मा सुका माल मिसळून परत भरा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पांढरी बुरशी दिसली तर काहीच करू नका. ती देठं-सालं फोडण्याचं काम करत असते. मुंग्या आल्या तर समजा बादली कोरडी पडली आहे.

या वर्षीच्या सोयीसाठी तीन गोष्टी आहेत. पहिली, पार्सलचे तपकिरी खोके. चिकटपट्टी आणि लेबल काढून बोटाएवढे तुकडे करा. चकचकीत छपाईचा पुठ्ठा नको, त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. दुसरी, कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, दाबलेली वीट. साधारण ६५० ग्रॅमची छोटी वीट भिजवली की आठ-नऊ लिटर होते. पण भिजवलेलं कोकोपीट घातलं तर पाणीच वाढवलंत! पावसाळ्यात वीट कोरडीच खरवडून वापरायची. बरेच जण नेमके इथेच चुकतात, पाकिटावर "भिजवून वापरा" लिहिलेलं असतं ते कुंडीसाठी, खतबादलीसाठी नव्हे. तिसरी, लाकडाचा भुसा. तो वखारीतला, अख्ख्या लाकडाचाच घ्या. फर्निचरचं काम चालू असलेल्या घरातला प्लायवूड-एमडीएफचा भुसा फुकट मिळतो, पण त्यात डिंक आणि रसायनं असतात. ते खत पुढे मेथी-टोमॅटोच्या कुंडीत जाणार, हे लक्षात ठेवा.

---

कीटकवही (ऐरोली)

अळ्यांचा विषय निघणारच, आधीच लिहून ठेवते. बादल्या फेकून दिल्या जातात त्या वासाइतक्याच अळ्यांच्या किळसेने.

राखाडी-मळकट, चपट्या, अंगावर ठळक वळ्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या कचरा झपाट्याने खातात. मोठी माशी आपल्या अन्नावर येऊन बसत नाही, घरमाशीसारखा रोग पसरवत नाही. पूर्ण वाढ झाली की अळ्या गडद होतात आणि कोरडी जागा शोधत बादलीबाहेर चढतात, लोक घाबरतात ते तेव्हा. अशा वेळी त्या ताटात गोळा करून सोसायटीच्या बागेत सोडा, साळुंक्या अर्ध्या तासात टिपतात.

बारीक, पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या अळ्या घरमाशीच्या. त्या आल्या म्हणजे वरचा सुका थर चुकला. ओला कचरा उघडा दिसला की माशी तिथेच अंडी घालते. माल उपसून ऊन दाखवा, ऊन नसेल तर सुका माल दुप्पट करा आणि झाकणाखाली दोन मुठी निंबोळी पेंड पसरा. कीटकनाशक फवारू नका, चुनाही नको. अळीबरोबर खत करणारे जीवही जातात.

फळमाशीचा, त्या चिलटांचा उगम बहुतेक वेळा केळ्याच्या आणि आंब्याच्या सालीत असतो. अंडी सालीवर बाजारातूनच येतात. साल बादलीत मधोमध खड्डा करून पुरा, वर ठेवू नका. शेजारी वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब ठेवा. चिलटं वासाने येतात आणि साबणामुळे पाण्यावर तरंगू शकत नाहीत, बुडतात.

आणि एक कळकळीची विनंती. बादलीखालचं ताट रोज रिकामं करा. मुंग्या-झुरळं चढू नयेत म्हणून काही जण विटा पाण्याच्या ताटात ठेवतात. ते करूच नका. डेंग्यूचा डास घरातल्या अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो आणि पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. एका बादलीपायी मजल्यावरची मुलं आजारी पडावीत इतकं कुठलंच खत मोलाचं नाही.

---

जिना_क्रमांक_दोन (कोपरखैरणे)

माथाडी वसाहतीतल्या किंवा जुन्या सिडकोच्या एका खोलीच्या घरात तीन बादल्या ठेवायला जागा नसते, हेही बोललं पाहिजे. अशा घरांनी सगळाच कचरा जिरवायचा हट्ट धरू नये. चहाचा चोथा, कांदा-लसणाची टरफलं, अंड्याची कवचं एवढंच १० लिटरच्या एका बादलीत घ्यावं. यात पाणी कमी, वास जवळजवळ नाही. चोथा एकदा पाण्याने विसळून घ्यायचा, दूध-साखर राहिली की मुंग्या लागतात. कवचं सुकवून खलबत्त्यात कुटायची, नाहीतर वर्षभर तशीच्या तशी राहतात. बाकीचा ओला कचरा वेगळा करून घंटागाडीत दिला तरी मोठं काम होतं.

पण वेगळा म्हणजे खरोखर वेगळा. सिंकच्या कोपऱ्यात भोकांची चाळणी ठेवा, देठं-सालं आधी तिथे निथळू द्या, मग डब्यात. निथळलेला कचरा वजनाला हलका असतो, डब्याला वास कमी येतो आणि जिन्यात ठिबकत नाही. त्यासाठी पिशवीही लागत नाही, डब्याच्या तळाला वर्तमानपत्राची घडी पुरते.

---

मापटं

अगदी बरोबर. मोठ्या सोसायट्यांची गोष्ट मात्र वेगळी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांवर वर्गीकरणाची आणि शक्य तिथे आवारातच ओला कचरा जिरवण्याची जबाबदारी टाकली. तिथे यंत्र विकत घेण्याआधी हाच हिशोब करा: १०० घरं, दिवसाला ७०-७५ किलो ओला कचरा, तर त्याला पुरेल एवढा सुका पाला कुठून येणार? आवारातल्या झाडांचा पाला पोत्यांत साठवायची जागा आराखड्यात नसेल तर महागडं यंत्रही ऑगस्टमध्ये घाण मारतं.

---

तवा_आणि_तुळस (डोंबिवलीहून, आता खारघर)

उरलेलं शिजवलेलं अन्न, लिंबू-संत्र्याची सालं, निर्माल्य यांबद्दल मतं फार वेगळी ऐकू येतात. इथे काय अनुभव?

---

पानगळ

लिंबू-संत्रं चालतं, प्रमाण ठेवा. एका दिवसात दोन-चार सालं बारीक चिरून ठीक. सरबताच्या दिवसांत २० लिंबांची सालं एकदम टाकली तर बादली आंबट होऊन आठवडाभर मंदावते. त्यापेक्षा ती सालं लोणच्याला नाहीतर भांडी घासायला वापरा.

शिजवलेल्या अन्नात अडचण मिठाची आणि तेलाची. मूठभर भात किंवा पोळीचे तुकडे सुक्या मालात मिसळून चालतात. आमटीचा रस्सा, तेलाचा तवंग असलेली भाजी नको. मीठ कुजत नाही, खतात साठत जातं आणि कुंडीत पानांच्या कडा करपतात. मासळीची खवलं-आतडी, कोळंबीची सालं, हाडं बाल्कनीच्या बादलीत नकोत. छोट्या बादलीत उष्णता रोगजंतू मरण्याइतकी चढत नाही. त्याच कारणाने कुत्र्या-मांजरांची विष्ठाही नको. टोमॅटो, पपई, मिरचीच्या बिया अशा खतातून उगवून येतात, तेही यामुळेच.

निर्माल्यातला झेंडू, दूर्वा, बेल, तुळस उत्तम. आधी दोरा, जरीचा कागद, थर्माकोल आणि प्लास्टिकच्या माळा काढून टाका. गणपतीच्या दिवसांत घरची बादली पुरणार नाही, तेव्हा विसर्जनाच्या ठिकाणच्या निर्माल्य कलशात टाका. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिका ते ठेवतात. पिशवीसकट टाकू नका, पिशवी रिकामी करून घरी आणा.

आंब्याची कोय, शहाळं, नारळाची करवंटी, कणसाचा दांडा हे तीन आठवडे भरणं आणि सहा आठवडे पिकणं या चक्रात बसत नाहीत.

---

तोटीचं_वायसर (पाचपाखाडी, ठाणे)

बादलीला किंवा कुंड्यांना पाणी लागेल तेव्हा पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी वापरता येतं. ते "खारट असतं, झाडं मरतात" असं लोक सांगतात. आकडे मांडून पाहू.

घरगुती आरओ दर लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. आपल्याकडचं पाणी भातसा, मोरबे यांसारख्या सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या स्रोतांचं, क्षार मुळात कमी. समजा नळाच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) १०० आला आणि आरओने १० लिटरांतले ३ शुद्ध करून ७ बाहेर टाकले. तर बाहेर टाकलेल्या पाण्याचा टीडीएस जास्तीत जास्त १४० च्या आसपास जाईल. हे पाणी झाडांना, लादी पुसायला, भांडी विसळायलाही चालतं. सोसायटीत बोअर किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर हिशोब बदलतो, म्हणून मीटरने मोजा. मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. ५०० च्या वर आलं तर झाडांना नको, संडासात ओता.

बाहेर टाकणाऱ्या नळीला २० लिटरचा कॅन लावा, पण नळीचं टोक पाण्यात बुडू देऊ नका, वर लटकू द्या. नळी चिमटून किंवा बूच लावून पाणी "वाचवू" नका: क्षार आरओच्या आतल्या गाळणीच्या पडद्यावर साठतात आणि पडदा काही महिन्यांत निकामी होतो.

आणि मुळात नळाचा टीडीएस १००-१५० असेल तर आरओ लागतो का, हाही विचार करा. भारतीय मानकात ५०० पर्यंत पाणी पिण्यास ग्राह्य आहे. अशा घरात यूव्ही (अतिनील किरणांचं) किंवा यूएफ (बारीक गाळणीचं) यंत्र पुरतं आणि पाणी वायाच जात नाही. फक्त टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही, हे विसरू नका. सोसायटीच्या टाक्या साफ होतात की नाही, तो वेगळा प्रश्न.

---

जिना_क्रमांक_दोन

सुक्या कचऱ्यातली एक छोटी सवय सांगतो. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका. अर्धवट चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू द्या. तो नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही, तो गटारातून खाडीत जातो. ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरतात, त्या चिखलातच तो जाऊन बसतो. पिशवी विसळून, उलटी टांगून सुकवली की भंगारवाला घेतो. विसळलेलं पाणी कुंडीत. चिप्सच्या आतून चंदेरी असलेल्या पाकिटांना मात्र बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक नाही, ती आणणं कमी करणं हाच उपाय.

---

नवी_कुंडी

शेवटचं विचारते. खत तयार झालं हे नक्की कसं ओळखायचं? आणि विकतचं कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) लागतंच का?

---

मापटं

कल्चरची सक्ती नाही. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडतात, चालतं. त्याहून चांगलं म्हणजे आधीच्या बादलीतलं दोन मुठी कच्चं-पक्कं खत. पुढच्या बादल्यांना तेच विरजण.

तयार खत गडद, हाताला गार, आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं असतं. मूळ वस्तू ओळखू येत नाही. चार-पाच मिलिमीटरच्या चाळणीने चाळा, वर राहिलेलं पुढच्या बादलीत टाका. शंका असेल तर मेथीचे १० दाणे ओलसर खतात पेरा. तीन-चार दिवसांत आठ उगवले आणि पिवळे पडले नाहीत तर वापरायला हरकत नाही. तीन-चारच उगवले तर अजून दोन आठवडे थांबा. कच्चं खत कुंडीत कुजत राहतं, नत्र स्वतःच ओढून घेतं आणि मुळांना चटका बसतो.

निव्वळ खतात झाड लावू नका. दहा इंचांच्या कुंडीला महिन्याला दोन मुठी, बुंध्यापासून दोन इंच लांब, वरची माती उकरून मिसळा आणि वर पाल्याचा पातळ थर द्या. खालच्या ताटातलं तपकिरी पाणी द्यायचं असेल तर एका वाटीला दहा वाट्या साधं पाणी, आणि त्याच दिवशी. त्याला सडका वास असेल तर कुंडीत न घालता संडासात ओता आणि आधी बादलीचा तळ उपसून बघा.